चालू स्थितीतला वारसा

मराठी मध्यमवर्गीय माणसाला वारसाहक्कानं काय काय मिळतं, याची यादी फार लांब नसते. दोन पितळी डबे, एक अडकित्ता, झाकण हरवलेलं तपेलं, भाऊबंदकीतला एखादा दावा आणि मधुमेह. यातली शेवटची गोष्टच काय ती सर्व वारसांना समसमान मिळते. पण काही घराण्यांवर नशिबाची मर्जी जरा जास्त असते आणि त्यांच्या वाट्याला पिस्तूल येतं. आमचं घराणं त्यांपैकी एक. पिस्तुलामागोमाग त्याला नवे पार्ट बसवायचा प्रश्न येतो, आणि या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. बँकेतल्या कारकुनाला ठाम मत असायचे प्रसंग आयुष्यात थोडे. एरवी आमचं मत म्हणजे 'साहेबांना विचारून सांगतो.' तेव्हा आलेली संधी मी सोडणार नाही.

मत असं : घरातल्या जुन्या पिस्तुलाला नवे पार्ट बसवून चालू करायचं आणि वर त्याला 'आजोबांचं पिस्तूल' म्हणत राहायचं, हा शुद्ध दुटप्पीपणा आहे. ती वस्तू एक तर शस्त्र आहे, नाहीतर आठवण आहे. बचत खातं आणि कर्ज खातं एकाच पासबुकात चालत नाही, तसंच हे.

आता वस्तुस्थिती. आमचे आजोबा जंगलखात्यात रेंजर होते. पिस्तूल वेब्ली अँड स्कॉटचं, बर्मिंगहॅमचं, बत्तीस बोअरचं. ही कंपनी या नावानं १८९७ साली उभी राहिली, या जातीचं पिस्तूल तिनं १९०८ च्या सुमारास काढलं आणि १९११ साली ते लंडनच्या पोलिसांनी पसंत केलं. दिसायला ते अगदी चौकोनी, इस्त्री केल्यासारखं. त्यात मौज अशी, की त्याची मुख्य स्प्रिंग इतर पिस्तुलांसारखी गुंडाळीची नाही. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी वाकवलेली पट्टी आहे ती, आणि मुठीच्या उजव्या फळीखाली बसते. ती बरोबर वाकणीत तुटली आहे. शिवाय फायरिंग पिनेला गंज, मुठीची एक फळी तडकलेली, आणि सेफ्टीचा खटका आपल्या मर्जीनं वर-खाली होणारा, म्हणजे आमच्या खात्यातल्या काही अधिकाऱ्यांसारखा.

या पिस्तुलानं आजवर बजावलेली कामगिरी अशी : आजोबांनी ते एकदा रानडुकरावर झाडलं. डुक्कर पळालं. पुढे १९७० च्या आसपास, घरातल्या सांगण्यात, त्या डुकराचा बिबट्या झाला, आणि आता दादाची मुलं वाघ म्हणतात. दुसरा बार दसऱ्याला हवेत काढला, तेव्हा शेजारच्यांची म्हैस दोन दिवस दुधाला बसली नाही. बस्स. त्यानंतर पिस्तुलानं फक्त झेंडूची फुलं अंगावर घेतली.

पण घराण्याला एवढ्यावर समाधान कुठलं? थोरल्या काकांचं म्हणणं, की हे पिस्तूल 'त्या' वीसांपैकी एक. सावरकरांनी १९०९ साली लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर २० ब्राउनिंग पिस्तुलं धाडली, आणि त्यांतल्याच एकानं अनंत कान्हेऱ्यांनी २१ डिसेंबर १९०९ ला नाशकात जॅक्सनला टिपलं, हा इतिहास आहे. मात्र 'आमच्याकडचं त्यांतलंच' म्हणणारी जेवढी घराणी माझ्या कानावर आली आहेत, त्यांची बेरीज केली तर अमीनांनी ट्रंक नव्हे, आख्खी बोट भरून आणली असली पाहिजे. ती पिस्तुलं ब्राउनिंग होती. आमच्यावर 'वेब्ली' आणि 'बर्मिंगहॅम' ठसठशीत कोरलंय. काकांना ते दाखवलं तर म्हणतात, "फसवायला लिहिलं असेल."

खरी पंचाईत वेगळीच आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं सामान्य हिंदी माणसाच्या हातात परवान्यावाचून शस्त्र राहू दिलं नव्हतं. म्हणजे त्या काळी ज्याच्याकडे परवान्याचं पिस्तूल, तो सरकारच्या विश्वासातला. आजोबांचा परवाना अजून फायलीत आहे, साहेबाच्या सहीचा, शिक्क्याचा. आजोबा प्रामाणिक नोकर होते, साहेबानं त्यांच्यावर विश्वास टाकला, यात लाजण्यासारखं काही नाही. पण क्रांतिकारकाचा नातू व्हायला जेवढी माणसं तयार असतात, तेवढी रेंजरचा नातू व्हायला नसतात. आणि मूळ कहाणीला असे नवे पार्ट बसवायची सवय लागलेलं घराणं पिस्तुलाला का सोडेल?

निमित्त झालं परवान्याचं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा शस्त्र बाळगून त्याला पंचवीस वर्षं झाली, की तो हयातीतच आपला वारस सुचवू शकतो. थोरल्या काकांनी सत्तरी केव्हाच ओलांडली. वारस म्हणून दादाचं नाव ठरलं. आणि दादा म्हणाला, "द्यायचं तर चालू करून द्या. बंद पडलेलं घेऊन मी काय करू?"

'चालू' हा शब्द मराठीत दोन अर्थी आहे, हे सुज्ञांस सांगणे न लगे. पण त्या दिवशी घरात तीन पक्ष पडले.

पहिला पक्ष दादाचा : 'चालू कराच.' दादाचा प्लॉटिंगचा धंदा आहे. त्याला पिस्तूल संरक्षणासाठी हवंय. मी त्याला विचारलं, पिस्तूल असतं कुठे? तर माळ्यावरच्या लोखंडी पेटीत. पेटीची किल्ली? काकूंच्या कमरेला. मॅगझिन? ते वेगळ्या डब्यात, मुलांच्या हाती लागू नये म्हणून. काडतुसं? ती काकांनी कुठे ठेवलीत हे काकांनाही आठवत नाही. म्हणजे दरोडेखोर आलाच, तर त्याला आधी बसा म्हणावं लागेल, काकूंना झोपेतून उठवावं लागेल, शिडी लावावी लागेल, आणि तोवर त्याच्यासाठी चहा टाकावा लागेल. एवढं आदरातिथ्य झाल्यावर कुठला दरोडेखोर गोळी झाडण्याइतका परका राहील? आणि आज पेटी, किल्ली, डबे अशी जी तटबंदी आहे, ती मोडून पिस्तूल भरून उशाशी ठेवायचं म्हटलं, तर दरोडेखोर येईल तेव्हा येईल, त्याच्या आधी दादाचा सहा वर्षांचा नातू तिथे रोज येतो. विनोदी लेखात हे वाक्य बसत नाही. पण घरात भरलेलं पिस्तूलही बसत नाही.

संरक्षणाचा मुद्दा पडल्यावर खरं कारण बाहेर आलं : पुतणीच्या लग्नात वरातीपुढे एक बार काढायचा आहे. दादाला मी सांगितलं, की २०१९ च्या दुरुस्तीनं नेमकी हीच हौस गुन्ह्यांच्या यादीत घातली आहे. आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मंगल कार्यालयाचं भाडं, बँडवाले आणि वर हा एक लाख. त्यापेक्षा फटाक्यांची माळ लावावी. तिला वारस लागत नाही.

दुसरा पक्ष आमच्या आतोबांचा : 'बसवा, पण ओरिजिनल पार्टच बसवा.' आतोबा जुनी नाणी जमवतात, त्यामुळे घरातल्या एकूण जुनेपणावर त्यांचा अधिकार चालतो. आता हे मॉडेल कंपनीनं कधीच बंद केलं. मग ओरिजिनल स्प्रिंग येणार कुठून? तर दुसऱ्या एखाद्या मेलेल्या वेब्लीतून काढलेली. म्हणजे आमच्या आजोबांच्या पिस्तुलात दुसऱ्या कुणाच्या तरी आजोबांची स्प्रिंग! याला ओरिजिनल म्हणायचं असेल, तर दत्तक घेतलेल्या मुलाचं नाक घराण्यावर गेलंय म्हणण्यातलाच हा प्रकार झाला.

आणि तो पार्ट तिथून काढून इथे घातला की बसला, असंही नाही. कुठल्याही बंदुकीचा पार्ट कुठल्याही बंदुकीला बसावा, ही कल्पनाच मुळी माणसाच्या इतिहासात उशिरा आली. १७८५ साली जेफरसन पॅरिसला अमेरिकेचा वकील म्हणून होता. तिथे ऑनोरे ब्लाँ नावाच्या कारागिरानं त्याच्यासमोर पन्नास बंदुकांच्या कळांचे सुटे भाग वेगवेगळ्या ढिगांत ठेवले. जेफरसननं हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः काही कळा जुळवल्या, आणि त्या बिनचूक जुळल्या. या गोष्टीचं त्याला एवढं नवल वाटलं, की त्यानं मायदेशी पत्र लिहून कळवलं. पुढे अमेरिकेत ही विद्या कारखान्यात मुरायला आणखी तीन-चार दशकं गेली. तोवर जगातली प्रत्येक बंदूक ही स्वतंत्र बंदूक होती; तिचा प्रत्येक भाग कारागिरानं कानशीनं घासून तिच्याच मापाचा केलेला असे. आणि त्यानंतरही कानस काही हद्दपार झाली नाही. जुन्या पिस्तुलाचा आलेला पार्ट हा बदलून आलेल्या ब्रँच मॅनेजरासारखा असतो. पद तेच, हुद्दा तोच, पण बसत नाही. एक तर त्याला तरी घासावं लागतं, नाहीतर शाखेला.

इथे तिसरा पक्ष पुढे सरसावतो, आणि तो सगळ्यांत धोक्याचा. हा माझ्या धाकट्या चुलत भावाचा पक्ष : 'आपला माणूस आहे.' प्रत्येक मराठी कुटुंबात 'आपला माणूस' असतो. रेल्वेत असतो, आरटीओत असतो, तसा पार्टमध्येही असतो. हा आपला माणूस स्कूटरी दुरुस्त करतो. त्याचं म्हणणं, "स्प्रिंग म्हणजे काय हो, पट्टीच ना? वाकवू, तापवू, तेलात बुडवू. पिन लेथवर काढू. शंभरेक रुपयांत काम."

आपल्या माणसाला मी नम्रपणे सांगू इच्छितो, की पिस्तूल म्हणजे स्कूटर नव्हे. स्कूटर बिघडली तर ती सुरू होत नाही. पिस्तूल बिघडलं तर ते सुरू होतं. घोडा मागे धरून ठेवणारी जी खाच असते ती नखाएवढीही नसते. तिच्या अंगावर कडक केलेल्या पोलादाचा पातळ पापुद्रा असतो. कानस त्याच्या खाली गेली, की आतलं मऊ लोखंड दोन दिवसांत झिजतं, आणि मग पिस्तूल टेबलावर जरा जोरात ठेवलं तरी बार उडू शकतो. पिन लांब झाली तर काडतुसाच्या बुडाला भोक पाडते आणि तापलेला वायू मागे, म्हणजे झाडणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. आखूड झाली तर बार उडत नाही, आणि मग माणूस 'का उडत नाही' म्हणून नळीत डोकावून बघतो. ही शेवटची खोड आपल्या राष्ट्राला फार आहे. लायटर पेटत नसला तरी आपण त्याच्यात डोकावतो.

शिवाय कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २ मध्ये 'अग्निशस्त्र' या शब्दाची व्याख्या आहे, आणि त्यात अग्निशस्त्राचे भागही येतात. म्हणजे कायद्याच्या नजरेत ती शंभर रुपयांची पट्टीसुद्धा पिस्तूलच. दुरुस्ती करायलाही कलम ५ खाली परवाना लागतो. तो नसताना दुरुस्ती केली, तर २०१९ नंतर किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप. आपल्या माणसाला मी हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मी तुम्हांला ओळखत नाही."

कायद्यात एक रत्न आणखी आहे, ते मी कॉमर्सचा पदवीधर असूनही दोनदा वाचलं. कलम ४५ सांगतं, की शस्त्राचे किरकोळ भाग तुम्ही बाळगू शकता, मात्र ते त्यांच्या जोडीदार भागांबरोबर वापरायचा इरादा नसला पाहिजे. म्हणजे तुटकी स्प्रिंग सुपारीच्या डब्यात निरुद्देश पडली असेल, तर ती निष्पाप. ती बसवायचा विचार मनात आला, की ती गुन्हेगार. भगवद्गीतेनंतर निष्काम वृत्तीचा एवढा पुरस्कार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

याच कलमात, माझ्या मते, सगळ्या भांडणाचा निकाल आहे. जुन्या धाटणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा नादुरुस्त शस्त्र कायद्याच्या कचाट्यातून सुटतं, पण कधी? तर ते दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही वापरता येण्याजोगं उरलं नसेल तेव्हा. आमच्या ओळखीतले निम्मे लोक म्हणतात, "अहो, ते चालतच नाही, मग लायसन कशाला?" त्यांनी 'दुरुस्ती करून' हे दोन शब्द मोठ्यानं वाचावेत. स्प्रिंग तुटलेलं पिस्तूल हे कायद्याला आजारी पिस्तूल वाटतं, मेलेलं नव्हे. आणि आजारी माणसाचा कर माफ होत नाही. कायदा सरळ विचारतो : शस्त्र की आठवण? शस्त्र असेल तर परवाना, नोंद, नूतनीकरण, निवडणुकीत ठाण्यात जमा, सगळं करा. आठवण असेल तर तिचा दात कायमचा पाडा. हे मधलं, 'आठवण आहे, पण वेळ पडली तर उडेल', हे त्याला मंजूर नाही. मलाही नाही.

आता आतोबा हार मानणारे नव्हेत. त्यांनी जीर्णोद्धार काढला. "देवळाचा दगड न् दगड बदलतात, तरी देऊळ तेच राहतं ना?" ग्रीकांनी हाच प्रश्न थिसियसच्या जहाजावरून घातला होता, असं प्लूटार्क सांगतो : फळ्या एकेक करून सगळ्या बदलल्या, तर जहाज तेच का? जपानात ईसे इथलं मंदिर तर दर वीस वर्षांनी नव्या लाकडानं बांधतात. २०१३ साली बासष्टाव्यांदा बांधलं. मान्य. पण देवळात लाकूड बदललं तरी पूजा चालू असते. जे चालू राहावं असं वाटतं, त्यासाठी बाकीचं बदलायचं, हा जीर्णोद्धाराचा अर्थ. पिस्तुलात चालू काय ठेवायचंय? गोळी झाडणं! तेच चालू ठेवायचं असेल तर खुशाल पार्ट बसवा. पण मग तो आजोबांचा जीर्णोद्धार नव्हे, गोळीबाराचा. आजोबांनी आयुष्यात दोन बार काढले आणि बत्तीस वर्षं झाडं राखली. वारसा चालवायचाच असेल, तर परसात दोन सागाची रोपं लावा. त्यांना स्पेअर पार्ट लागत नाहीत.

हिशेबाच्या भाषेतही हेच निघतं. आजोबांनी पिस्तूल शंभर रुपयांना घेतलं असं धरा आणि दरसाल दहा टक्के घसारा उतरत्या किमतीवर लावा. ऐंशी वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत एका रुपयाच्या चाळीसाव्या हिश्श्यापेक्षाही कमी उरते, पण शून्य होत नाही. या पद्धतीचा हा मोठेपणा आहे : ती कुणालाही पूर्ण मरू देत नाही. आठवणीचं तसंच असतं. थोडी थोडी झिजते, पण खात्यावर राहते. पण त्यात नवी स्प्रिंग, नवी पिन, नव्या फळ्या घातल्या, की आमच्या शास्त्राप्रमाणे तो नवा खर्च, नवी नोंद, नवं वर्ष. आजोबांचा तो चाळीसावा हिस्सा त्याखाली कुठे गडप झाला, हे ऑडिटरलाही सापडायचं नाही.

तेव्हा माझी सूचना दोन कलमी आहे. दादाला शस्त्रच हवं असेल, तर परवाना रीतसर नावावर करून घ्यावा, परवानाधारक गनस्मिथकडे जावं, तो सांगेल ते पैसे मोजावेत, त्याची पावती घ्यावी, आणि तिजोरीसारखी पेटी आणावी. फक्त त्या दिवसापासून त्याला 'दादाचं पिस्तूल' म्हणावं. उद्या काही बरंवाईट झालं, तर ते आजोबांच्या नावावर लागता कामा नये. ते बिचारे हार घालून भिंतीवर गेलेत. आणि आठवण हवी असेल, तर परवाना अधिकाऱ्याला विचारून, त्याच गनस्मिथकडून, त्याची नळी आणि घोडा कायमचे निकामी करून घ्यावेत, तसा कागद घ्यावा, आणि तुटक्या स्प्रिंगेसकट ते काचेच्या पेटीत ठेवावं. दसऱ्याला आपण शस्त्रं पूजतो, ती उडतात की नाही हे तपासून पूजत नाही.

काकूंना दुसरं कलम पसंत आहे. त्या म्हणाल्या, "माळ्यावरची पेटी रिकामी होईल, पापड ठेवता येतील." घरातला एवढा एकच माणूस या वस्तूचा व्यवहारात विचार करतो.

निर्णय अजून व्हायचाय. तूर्त निवडणुकीमुळे पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा आहे, आणि घरातला बँकवाला म्हणून जमा केल्याची पावती माझ्याकडे सोपवली आहे. ती मी प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवली आहे. सही, शिक्का, तारीख सगळं जागच्या जागी, आणि त्यातला एकही भाग बदललेला नाही.